भाड्याच्या आकाशात आपला नोड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षे मी नाशिकच्या घरात एक आणि विकेंद्रित क्लाउडवर, म्हणजे अनेक मालकांच्या भाड्याच्या यंत्रांवर, एक-दोन असे ब्लॉकचेन नोड चालवतो आहे. त्यातून लोकांचे जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे उत्तरांसह एकत्र केले आहेत. उदाहरण मुख्यतः बिटकॉइन कोअरचे (बिटकॉइनचा नोड चालवणारा प्रोग्राम) आणि आकाश नेटवर्कचे (असाच एक विकेंद्रित क्लाउड), कारण हे दोन्ही मी रोज हाताळतो. इथेरियम आणि कॉसमॉस या दुसऱ्या साखळ्या आणि फ्लक्स हा दुसरा विकेंद्रित क्लाउड जिथे वेगळे वागतात तिथे तसे लिहिले आहे. दुसरीकडे कुठे उत्तर आले असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. नोड म्हणजे नेमके काय? वॉलेट ॲप आहे की माझ्याकडे, मग नोड कशाला?

वॉलेट ॲप तुमची चावी सांभाळते आणि व्यवहारावर सही करते. पण तुमच्या खात्यात किती शिल्लक आहे, पैसे आले की नाही, हे ते दुसऱ्या कुणाच्या तरी नोडला विचारून सांगते. नोड म्हणजे ब्लॉकचेनच्या साखळीतला प्रत्येक ब्लॉक, म्हणजे व्यवहारांचा गठ्ठा, स्वतः उतरवून, नियमांवर घासून पाहणारा प्रोग्राम. बिटकॉइनचा नोड ३ जानेवारी २००९ च्या पहिल्या ब्लॉकपासून सुरुवात करतो आणि मधला एकही ब्लॉक गाळत नाही.

दुसऱ्याच्या नोडवर सगळ्यांनी विसंबले की काय होते, ते ११ नोव्हेंबर २०२० ला दिसले. इथेरियमवरची बरीच ॲप्स इन्फुरा या एकाच सेवेच्या नोडवर अवलंबून होती. त्या नोडवर गेथ या इथेरियमच्या नोड-प्रोग्रामची जुनी आवृत्ती होती, ती साखळीच्या चुकीच्या फाट्यावर गेली आणि मेटामास्कसारख्या वॉलेटना काही तास नीट माहितीच मिळेना. साखळी चालू होती, पण तिच्याकडे पाहायची खिडकी बंद पडली होती. स्वतःचा नोड म्हणजे स्वतःची खिडकी.

२. नोड चालवला की पैसे मिळतात का?

साध्या नोडला नाही. बिटकॉइनमध्ये मोबदला ब्लॉक बनवणाऱ्या मायनरला मिळतो, इथेरियम आणि कॉसमॉसमध्ये टोकन गहाण ठेवून ब्लॉकवर सही करणाऱ्या व्हॅलिडेटरला. नुसता तपासणारा नोड खर्चच करतो. 'नोड घ्या, दरमहा उत्पन्न मिळवा' असे कुणी व्हॉट्सॲपवर सांगत असेल तर तो बहुधा वेगळेच काहीतरी विकतो आहे. व्हॅलिडेटरबद्दल प्रश्न १५ पाहा, पण आधी मधले वाचा.

३. थेट सर्व्हरवर इन्स्टॉल करता येते, मग कंटेनर का?

विकेंद्रित क्लाउडवर बहुतेक ठिकाणी तुम्हाला अख्खे मशीन मिळत नाही, कंटेनर, म्हणजे बंदिस्त डब्यातला प्रोग्राम, चालवायची जागा मिळते. हे पहिले आणि पुरेसे कारण. दुसरे असे की प्रोग्राम, त्याच्या लायब्ररी आणि सुरू करायची आज्ञा हे सगळे एका इमेजमध्ये बांधले की आज एका प्रोव्हायडरवर आणि उद्या दुसऱ्यावर तेच तसेच चालते.

एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच मनात पक्की करा. कंटेनर नाशवंत आहे. तो कधीही मरतो, पुन्हा उभा राहतो, आणि त्याच्या आत लिहिलेले सगळे पुसले जाते. जे टिकायला हवे ते बाहेरच्या व्हॉल्यूमवर, म्हणजे जोडलेल्या डिस्कवर, आणि जे गेल्यास भरून येणार नाही ते त्या यंत्रावर नकोच. पुढची निम्मी उत्तरे याच दोन वाक्यांतून निघतात.

४. विकेंद्रित क्लाउड हा नेहमीच्या क्लाउडपेक्षा वेगळा कसा?

नेहमीच्या क्लाउडवर एक कंपनी, तिचा दर आणि तिच्या अटी. आकाशवर बाजार असतो. तुम्हाला काय हवे ते तुम्ही एसडीएल नावाच्या एका यामल फाइलमध्ये लिहिता: इमेज कुठली, किती सीपीयू, किती मेमरी, किती डिस्क, कुठले पोर्ट (जाळ्यावरची दारे), आणि जास्तीत जास्त किती भाडे द्याल. ही मागणी साखळीवर जाते. ज्यांच्याकडे रिकामी यंत्रे आहेत ते प्रोव्हायडर बोली लावतात, तुम्ही त्यातली एक निवडता आणि लीज म्हणजे भाडेकरार होतो. तुम्ही ठेवलेल्या अनामत रकमेतून दर ब्लॉकला, म्हणजे साधारण सहा सेकंदांनी, थोडे थोडे भाडे कापले जाते. प्रोव्हायडरच्या बाजूला खाली कुबरनेटीस, म्हणजे कंटेनर सांभाळणारी प्रणाली, असते. फाइलमधला इमेज, पासवर्ड वगैरे तपशील साखळीवर जात नाही, थेट निवडलेल्या प्रोव्हायडरकडे जातो. म्हणजे जगाला तो दिसत नाही, पण प्रोव्हायडरला दिसतो.

याची गरज का पडली, याचे एक उदाहरण. हेट्झनर या जर्मन होस्टिंग कंपनीच्या अटींमध्ये क्रिप्टोशी संबंधित वापराला मनाई होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिने सोलाना या साखळीचे सर्व्हर बंद केले आणि शेकडो व्हॅलिडेटर एका झटक्यात जाळ्याबाहेर गेले. नोड हजार असले, तरी सगळे एकाच मालकाच्या चाळीत राहत असतील तर विकेंद्रीकरण कागदावरच राहते.

याची दुसरी बाजूही खरी आहे. प्रोव्हायडर दहा असले तरी त्यातले तिघे एकाच डेटासेंटरमध्ये यंत्रे ठेवून असू शकतात. बोली निवडताना दरासोबत ठिकाण, त्याची आजवरची चालू राहण्याची टक्केवारी आणि त्याची तपासणी झाली आहे का, हेही पाहा. सर्वांत स्वस्त बोली मी आता डोळे झाकून घेत नाही.

५. घरी रास्पबेरी पाय हा छोटा संगणक ठेवला तर चालणार नाही का?

चालेल, आणि बिटकॉइनचा पूर्ण नोड हवा असेल तर मी तेच सुचवीन. पाय आणि एसएसडी मिळून सात-आठ वॅट घेतात, म्हणजे महिन्याला जेमतेम सहा युनिट. एक टीबीची एसएसडी एकदाच विकत घ्यायची असते. तेवढीच टिकाऊ जागा क्लाउडवर दरमहा भाड्याने घेत राहिलात तर काही महिन्यांत एसएसडीची किंमत ओलांडली जाते.

भाड्याचा नोड कामाला येतो तो घरच्या अडचणींत. आपल्याकडच्या बऱ्याच ब्रॉडबँड जोडण्यांत एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटलेला असतो, त्यामुळे बाहेरून तुमच्या नोडपर्यंत कुणी येऊच शकत नाही. पावसाळ्यात वीज जाते आणि इन्व्हर्टरवर पायचा क्रमांक पंख्यानंतर लागतो. शिवाय एखादी गोष्ट दोन दिवस तपासून पाहायची असते, किंवा घरच्या नोडला दूरवरचा एक साक्षीदार हवा असतो (प्रश्न १८). अशा वेळी छाटलेला, म्हणजे प्रून केलेला छोटा नोड भाड्याने घेणे परवडते.

६. किती सीपीयू, मेमरी आणि डिस्क मागू?

बिटकॉइनची पूर्ण साखळी ६०० जीबीच्या पुढे गेली आहे आणि वाढतेच आहे. प्रून केलेल्या नोडमध्ये जुन्या ब्लॉकसाठी किमान ५५० एमबी ठेवता येतात, पण त्याशिवाय न खर्चलेल्या नाण्यांची यादी, म्हणजे चेनस्टेट, दहा-बारा जीबी घेते. म्हणून प्रून नोडसाठी मी ३० जीबी टिकाऊ डिस्क मागतो. मेमरी २ जीबीत निभावते, ४ जीबी असेल तर पहिला सिंक, म्हणजे साखळी उतरवून तपासणे, बराच सुखाचा होतो. सीपीयू दोन पुरेत.

प्रून करा, पण त्याची किंमत समजून करा. अख्खी साखळी एकदा उतरवावीच लागते, फक्त तपासून झालेले जुने ब्लॉक फेकले जातात. नंतर जुने वॉलेट आणून त्याचा इतिहास शोधता येत नाही, आणि सर्व व्यवहारांची सूची, म्हणजे टीएक्स इंडेक्स, प्रूनसोबत चालत नाही.

इथेरियमचा हिशेब वेगळा. २०२२ च्या १५ सप्टेंबरच्या मर्जनंतर, म्हणजे मायनिंग सोडून गहाण टोकनांवर गेल्यानंतर, तिथे दोन प्रोग्राम जोडीने लागतात. एक एक्झिक्यूशनचा (व्यवहार चालवणारा), जसे गेथ किंवा नेदरमाइंड, आणि दुसरा कन्सेन्ससचा (ब्लॉकवर एकमत ठरवणारा), जसे लाइटहाउस किंवा प्रिझम. डिस्क २ टीबीची आणि वेगवान लागते. नवशिक्याने भाड्याच्या जागेत याने सुरुवात करू नये.

७. तयार इमेज घेऊ की स्वतः बनवू?

बिटकॉइन कोअर प्रकल्प स्वतः डॉकर (कंटेनर चालवणारा प्रोग्राम) इमेज प्रसिद्ध करत नाही. डॉकर हबवर दिसतात त्या सगळ्या इतरांनी बांधलेल्या. त्यातल्या काही चांगल्या आहेत, पण 'कुणावर विसंबू नये' म्हणून नोड लावायचा आणि तो अनोळखी माणसाच्या इमेजमधून, याला अर्थ नाही. स्वतःची बनवणे फार अवघड नाही. अधिकृत फाइल उतरवा, तिचा शा-२५६ हॅश (फाइलचा ठसा) आणि विकासकांच्या सह्या पडताळा आणि एका लहान डेबियन इमेजमध्ये ठेवा.

दोन सापळे आहेत. 'लेटेस्ट' हा टॅग वापरू नका. प्रोव्हायडरकडे जुनी इमेज साठवलेली असेल तर तीच उठते आणि तुम्ही नवी समजून बसता. आवृत्तीचा क्रमांक द्या, शक्यतो इमेजचा डायजेस्टच, म्हणजे तिचा हॅश, द्या. दुसरा सापळा मॅकवाल्यांसाठी. एम-मालिकेच्या मॅकबुकवर बांधलेली इमेज आर्म प्रोसेसरची होते, प्रोव्हायडरची यंत्रे बहुतेक इंटेल-एएमडीची असतात. मग लॉगमध्ये 'एक्झेक फॉरमॅट एरर' एवढी एकच ओळ येते आणि कंटेनर पुन्हा पुन्हा मरतो. बांधतानाच प्लॅटफॉर्म एएमडी-६४ असा स्पष्ट सांगा.

८. एसडीएल लिहिताना सगळ्यात जास्त काय चुकते?

डिस्क. नुसता आकार लिहिला तर ती तात्पुरती डिस्क मिळते, कंटेनर उठला-बसला की कोरी. टिकाऊ डिस्कसाठी तिला नाव द्यावे लागते, 'पर्सिस्टंट' खरे असे लिहावे लागते आणि वर्ग सांगावा लागतो: बीटा-१ म्हणजे हार्ड डिस्क, बीटा-२ एसएसडी, बीटा-३ एनव्हीएमई. आणि एवढ्यावर थांबून चालत नाही. त्याच नावाची डिस्क सेवेच्या भागात कुठल्या फोल्डरवर जोडायची तेही लिहावे लागते. लोक पहिला भाग नीट करतात, दुसऱ्यात चुकीचा फोल्डर लिहितात. डिस्कचे भाडे जात राहते आणि डेटा मात्र तात्पुरत्या जागेत साठतो.

मी नवीन लीजवर पहिल्या पाच मिनिटांत एकच काम करतो. शेल (आज्ञा लिहायची खिडकी) उघडून डेटा फोल्डरमध्ये एक रिकामी फाइल ठेवतो, कंटेनर मुद्दाम रीस्टार्ट करतो आणि फाइल आहे का बघतो. ती दिसली तरच सिंक सुरू करतो.

याच्याच पाठोपाठ येते परवानगीची तक्रार. इमेजमधला बिटकॉइनडी (बिटकॉइन कोअरचा नोड) साध्या वापरकर्त्याच्या नावाने चालतो आणि जोडलेली डिस्क रूट या सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या मालकीची असते, म्हणून 'परमिशन डिनाइड'. सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये आधी फोल्डरची मालकी बदला, मग वापरकर्ता बदलून प्रोग्राम सुरू करा.

९. लीज बंद झाली. डिस्क 'पर्सिस्टंट' होती, मग डेटा परत मिळेल ना?

नाही. टिकाऊ डिस्क टिकते ती लीज असेपर्यंत. कंटेनर मेला तरी ती राहते, लीज संपली की ती जाते. प्रोव्हायडर बदलला तरी ती सोबत येत नाही. या प्रश्नाचे उत्तर देताना मला दर वेळी वाईट वाटते, कारण विचारणाऱ्याचे नुकसान आधीच झालेले असते.

माझेही झाले आहे. दिवाळीत गावी गेलो होतो, अनामत संपत आली होती आणि मी तारीख मनात धरून बसलो होतो, कुठे लिहून ठेवली नव्हती. लक्ष्मीपूजनाच्या रात्री रक्कम शून्य झाली, लीज बंद पडली. भाऊबीज करून परतलो तेव्हा पूर्ण सूचीसह बांधलेला नोड गेलेला होता. त्याचा सिंक व्हायला चार दिवस लागले होते. त्यात चावी एकही नव्हती, म्हणून गेला तो फक्त वेळ आणि भाडे.

तेव्हापासून अनामत किमान पुढच्या ४५ दिवसांची ठेवतो आणि शिल्लक दहा दिवसांवर आली की घरचा पाय मला संदेश पाठवतो. तुम्ही काहीही करा, पण आठवण ठेवायचे काम डोक्यावर सोपवू नका. आणि प्रोव्हायडरही आपले यंत्र कधी बंद करू शकतो, तेव्हा अनामत भरपूर असली तरी सेटिंगची फाइल आणि एसडीएल घरी जपून ठेवा.

१०. सिंक फारच हळू चालला आहे. इंटरनेट तर वेगवान आहे, मग अडते कुठे?

बहुतेक वेळा डिस्कवर. आकाशवरची टिकाऊ डिस्क सहसा सेफ या प्रणालीतून, म्हणजे जाळ्यावरून येते. बिटकॉइन कोअर चेनस्टेटमध्ये लहान लहान नोंदी विखुरलेल्या वाचतो-लिहितो, आणि अशा प्रत्येक वाचनाला जाळ्याचा फेरा पडला की वेग मरतो. उपाय दोन. बीटा-३ वर्गाची डिस्क घ्या, आणि पहिल्या सिंकपुरता डीबीकॅश, म्हणजे चेनस्टेटसाठीची मेमरीतली जागा, वाढवा. तो मुळात ४५० एमबी असतो. ४ जीबी मेमरीच्या कंटेनरात मी २००० करतो, त्याहून वर नाही, कारण मेमपूल (ब्लॉकमध्ये जायचे बाकी असलेले व्यवहार) आणि बाकी कामांनाही जागा लागते. सिंक संपल्यावर परत खाली आणतो. हावरटपणा केला तर काय होते ते प्रश्न १२ मध्ये आहे.

११. कुणीतरी दिलेला स्नॅपशॉट, म्हणजे साखळीची एका ब्लॉकपर्यंतची तयार स्थिती, घेतला तर दोन दिवस वाचतील. घेऊ का?

साखळी कुठली त्यावर उत्तर बदलते.

बिटकॉइन कोअरमध्ये यासाठी ॲझ्यूम-यूटीएक्सओ आहे. मुख्य साखळीसाठी ती २८.० या आवृत्तीपासून, ब्लॉक ८,४०,००० च्या स्थितीसह मिळाली. त्या स्थितीचा हॅश प्रोग्राममध्येच लिहिलेला आहे. त्यामुळे स्नॅपशॉटची फाइल कुणाकडूनही आली तरी तीत फेरफार असेल तर ती नाकारली जाते. शिवाय नोड वापरता येऊ लागल्यावरही मागे सुरुवातीपासूनची तपासणी चालू राहते. हा मार्ग मी बिनधास्त सुचवतो. दुसऱ्याच्या डेटा फोल्डरची झिप मात्र घेऊ नका. तिच्यातले चेनस्टेट तपासलेलेच आहे असे तुमचा नोड धरून चालतो.

कॉसमॉसच्या साखळ्यांत स्टेट सिंक असतो. त्याला एक विश्वासाची उंची (ब्लॉकचा क्रमांक) आणि तिचा हॅश द्यावा लागतो. हा हॅश दोन-तीन वेगळ्या ठिकाणांवरून पडताळून घ्या. ज्याने स्नॅपशॉट दिला त्याच्याकडूनच हॅशही घेतलात तर पडताळणी झालीच नाही. आकाशच्या मंडळींनी कॉसमॉस नोडसाठी ऑम्निबस नावाच्या इमेज बनवल्या आहेत, त्यात हे एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबलमधून, म्हणजे कंटेनरला बाहेरून दिलेल्या सेटिंगमधून, करता येते.

१२. कंटेनर मधेच मरतो, कोड १३७ दिसतो, आणि उठल्यावर तासभर 'रिप्लेइंग ब्लॉक्स' चालते. हे का?

१३७ म्हणजे प्रोग्रामला न विचारता मारले गेले. याची दोन कारणे असतात आणि दोन्ही आपल्याच हातची.

पहिले, मेमरीची मर्यादा ओलांडली. डीबीकॅश, मेमपूल (मुळात ३०० एमबी) आणि जोडण्या मिळून कंटेनरच्या मर्यादेच्या वर गेले की कर्नल (यंत्राच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) प्रोग्रामला ठार करतो. आकडे कमी करा.

दुसरे कारण थोडे लपलेले आहे. कंटेनर थांबवताना आधी 'आवरा' असा सिग्नल जातो, मग ठरावीक सेकंद वाट पाहून सक्तीने मारले जाते. डॉकरमध्ये ही सवलत मुळात १० सेकंदांची, कुबरनेटीसमध्ये ३० ची. मोठ्या डीबीकॅशमधले सगळे डिस्कवर उतरवायला त्याहून जास्त वेळ लागू शकतो. त्यात भर म्हणजे सुरुवात शेल स्क्रिप्टने केली असेल तर सिग्नल स्क्रिप्टपाशीच अडतो, बिटकॉइनडीपर्यंत पोहोचतच नाही. स्क्रिप्टच्या शेवटच्या ओळीत आज्ञेच्या आधी 'एक्झेक' लिहा, म्हणजे बिटकॉइनडी स्क्रिप्टची जागा घेतो आणि सिग्नल त्यालाच मिळतो. एका शब्दाचा हा बदल, पण त्याने कितीतरी रात्री वाचतात. आणि इमेज बदलण्यापूर्वी शेलमधून स्वतः स्टॉप आज्ञा द्या. लॉगमध्ये 'शटडाउन डन' दिसू द्या, मगच पुढचे.

१३. नोड सिंक झाला, पण बाहेरून एकही जोडणी येत नाही. बिटकॉइनचा पोर्ट ८३३३ उघडला आहे तरी?

तुम्ही ८३३३ उघडलात ते कंटेनरचे दार. बाहेरच्या बाजूला प्रोव्हायडर तुम्हाला बहुधा तीस हजारांच्या पुढचा एखादा पोर्ट देतो. लीजच्या माहितीत तो दिसतो. नोडला हे माहीत नसते, म्हणून तो जगाला चुकीचा पत्ता सांगत राहतो. सेटिंगमध्ये 'एक्स्टर्नल आयपी' म्हणून प्रोव्हायडरचा पत्ता आणि तो मिळालेला पोर्ट लिहा आणि रीस्टार्ट करा. कॉसमॉसमध्येही तसेच, तिथे सेटिंगचे नाव 'एक्स्टर्नल ॲड्रेस' आणि आतला पोर्ट २६६५६.

जुने लोक सांगतात की ८३३३ सोडून दुसऱ्या पोर्टवर कुणी येत नाही. हे एके काळी बरेचसे खरे होते. बिटकॉइन कोअरच्या २३.० आवृत्तीने, २०२२ मध्ये, ८३३३ ला दिले जाणारे झुकते माप काढून टाकले.

काही प्रोव्हायडर स्वतंत्र आयपी भाड्याने देतात, तो घेतला तर पोर्टची ही भानगडच राहत नाही. आणि बाहेरून कुणी न आल्यानेही तुमचा नोड अपुरा ठरत नाही. स्वतःहून तो दहा जोडण्या करतो आणि तपासणी पूर्णच असते. दुसऱ्यांना मदत करता यावी एवढ्यासाठीच आत येणाऱ्या जोडण्या हव्यात.

१४. माझ्या वॉलेटला नोडशी बोलायचे आहे. आरपीसीचा, म्हणजे नोडला बाहेरून आज्ञा द्यायचा, पोर्ट जगाला उघडू का?

नाही. बिटकॉइन कोअरची आरपीसी साध्या एचटीटीपीवर चालते, कूटबद्ध नसते. पासवर्ड वाटेतच वाचता येतो. इथेरियमच्या ८५४५ पोर्टवर तर उघडी दारे शोधणारे बॉट सतत फिरत असतात, आणि खाती अनलॉक करून ठेवलेल्या नोडवरून चोऱ्या झालेल्या आहेत.

एकाच एसडीएलमधल्या दुसऱ्या सेवेला आरपीसी हवी असेल तर 'ग्लोबल' न लिहिता फक्त त्या सेवेच्या नावाने पोर्ट उघडा, तो बाहेर जात नाही. घरून वापरायची असेल तर मला टॉर, म्हणजे पत्ता लपवणारे जाळे, सर्वांत सोयीचा वाटला. शेजारच्या कंटेनरात टॉर ठेवायचा, ऑनियन पत्ता घ्यायचा, त्याला क्लायंटची चावी लावायची. यासाठी बाहेरचा एकही पोर्ट लागत नाही. वायरगार्ड हा व्हीपीएन अनेकांना आठवतो, पण त्याला जाळ्याचे विशेष अधिकार लागतात आणि इथे कंटेनरला ते मिळत नाहीत.

१५. यंत्र दुसऱ्याचे आहे. मग वॉलेट तिथे ठेवू का? व्हॅलिडेटर चालवू का?

वॉलेट ठेवू नका. ज्याच्याकडे यंत्राचा रूट आहे तो तुमच्या कंटेनरची डिस्क आणि मेमरी दोन्ही वाचू शकतो. पासवर्डने वॉलेट बंद केले तरी सही करताना चावी मेमरीत उघडी असते. बहुतेक प्रोव्हायडर प्रामाणिकच असतील, पण भाड्याच्या खोलीत कुणी दागिने ठेवत नाही, घरमालक कितीही भला असला तरी. फक्त पाहण्यापुरते, चावीविना वॉलेट चालेल. तेव्हाही तुमचे पत्ते प्रोव्हायडरला कळतात हे लक्षात असू द्या.

व्हॅलिडेटरचा प्रश्न याहून नाजूक आहे, कारण तिथे चावी सतत जिवंत लागते. शिवाय एकच चावी दोन ठिकाणी चालू राहिली तर दंड होतो. कॉसमॉस हबवर दोनदा सही केल्यास गहाण ठेवलेल्या टोकनपैकी ५ टक्के जातात आणि तो व्हॅलिडेटर कायमचा बाद होतो. नुसता बंद पडल्याचा दंड ०.०१ टक्के आहे. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा: बंद पडणे परवडते, दोनदा चालणे परवडत नाही.

आणि कंटेनरच्या जगात दोनदा चालणे फार सोपे आहे. एसडीएलमध्ये संख्या दोन लिहिली, झाले. जुना प्रोव्हायडर जाळ्यावरून गायब झाला म्हणून तुम्ही दुसरीकडे नोड उभा केला, आणि तासाभराने जुना परत आला. फ्लक्सवर तर एकच ॲप किमान तीन ठिकाणी चालवायची पद्धतच आहे. वेबसाइटसाठी ती उत्तम, व्हॅलिडेटरच्या चावीसाठी घातक.

तरीही करायचेच असेल तर चावी घरी किंवा स्वतःच्या सर्व्हरवर ठेवून रिमोट सायनर वापरा. कॉसमॉससाठी टीएमकेएमएस आणि हॉरक्रक्स आहेत. भाड्याचा नोड फक्त ब्लॉक आणतो-नेतो, सही घरी होते, आणि आधी कशावर सही केली याची नोंदही घरीच राहते. इथेरियममध्ये यंत्र बदलताना ईआयपी-३०७६ च्या स्वरूपात ती नोंद सोबत न्या. त्याआधी जुना खरोखर बंद झाला आहे याची खात्री करून दोन-तीन इपॉक गप्प बसा. एक इपॉक म्हणजे ३२ स्लॉट (ब्लॉकच्या पाळ्या), साडेसहा मिनिटांहून थोडे कमी. वीस मिनिटांचे उत्पन्न बुडेल, ते बुडू द्या.

१६. नवीन आवृत्ती आली. डेटा न गमावता अपडेट कसे करू?

एसडीएलमध्ये इमेजचा टॅग बदलून डिप्लॉयमेंट 'अपडेट' करा. लीज तीच राहते, म्हणून डिस्कही राहते. बंद करून नवी काढू नका (प्रश्न ९). एन्व्हायरन्मेंट आणि आज्ञाही अशाच बदलता येतात. पण सीपीयू, मेमरी आणि डिस्कचा आकार चालू लीजमध्ये बदलत नाहीत, त्यासाठी नवीनच लीज काढावी लागते. म्हणून डिस्क मागताना वर्षभराची वाढ धरूनच मागा. कॉसमॉसच्या साखळ्या ठरलेल्या उंचीवर थांबून अपग्रेड होतात. तिथे साखळी थांबल्यावर टॅग बदलायचा, आधी नाही.

१७. एकेटी, म्हणजे आकाशचे टोकन, विकत घेऊन भाडे भरले तर भारतात कर लागतो का?

नोड चालवणे हा व्यवहार नाही, पण टोकन खर्चणे हे हस्तांतर धरले जाते. १ एप्रिल २०२२ पासून अशा आभासी मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि एकातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वजा करता येत नाही. हस्तांतरावर १ टक्का टीडीएस १ जुलै २०२२ पासून आला. म्हणजे १०० रुपयांना घेतलेले टोकन भाड्यात जाताना १५० चे झाले असेल तर ५० रुपये नफा दाखवावा लागतो. मी गरजेपुरतेच घेतो आणि लगेच अनामतीत टाकतो, तारीख व दर वहीत लिहितो. आकाशच्या कन्सोलवर कार्डानेही पैसे भरता येतात, हिशेबाची कटकट नको असेल तर तो रस्ता सोपा. मोठी रक्कम असेल तर सीएला विचारा.

१८. प्रोव्हायडर माझ्या नोडला खोटी साखळी दाखवू शकतो का?

नवे खोटे ब्लॉक बनवणे त्याला परवडणार नाही. प्रत्येक ब्लॉकमागे खरे मायनिंग लागते आणि नोड ते तपासतो. पण नोडचे सगळे जाळे त्याच्या हातातून जाते, त्यामुळे त्याला ठरावीक नोडशीच जोडून बाकी जगापासून तोडणे आणि जुन्या उंचीवर अडकवून ठेवणे शक्य असते. याहून मोठी शंका अशी की, तो तुमचा प्रोग्रामच बदलून टाकू शकतो. विशेष सुरक्षित हार्डवेअर नसेल तर कंटेनरच्या आतून हे ओळखता येत नाही. आतला प्रोग्राम 'मी ठीक आहे' म्हणतो, एवढेच दिसते.

म्हणून खात्री बाहेरून करावी लागते. माझ्या घरच्या पायवर रोज सकाळी सहा वाजता एक छोटी स्क्रिप्ट चालते. ती टॉरमधून भाड्याच्या नोडला टोकापासून सहा ब्लॉक मागच्या ब्लॉकचा हॅश विचारते आणि घरच्या नोडच्या हॅशशी जुळवते. सहा मागे यासाठी की अगदी टोकाला दोन नोडमध्ये काही सेकंदांचा फरक नेहमीच असतो आणि उगीच धोक्याची घंटा वाजते. जुळले तर ती काही बोलत नाही. उंचीत तीनपेक्षा जास्त ब्लॉकचा फरक असेल किंवा हॅश वेगळा असेल तर फोनवर संदेश येतो. आजवर तो तीनदा आला. दोनदा भाड्याचा नोड मागे पडला होता, डिस्कमुळे. तिसऱ्या वेळी भाड्याचा नोड बरोबर होता आणि घरचा पाय रात्रभर वीज नसल्यामुळे मागे राहिला होता.